निकोटिनचा द्रव : बंदी बरी कीं कर बरा ?

यंदा आमच्या वादविवाद मंडळांत जे विषय चर्चेस आले, त्यांपैकीं एका विषयानें मुलांबरोबर पालकांतहि बरीच खळबळ उडविली. विषय असा होता : "ई-सिगारेटच्या द्रवावर सरकारनें बंदी घालण्यापेक्षां त्याची तपासणी करून व त्यावर कर बसवून तो विकूं द्यावा." अखेरीस विरुद्ध बाजूस चार मतें अधिक पडलीं. परंतु भाषणें ऐकतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, ज्या वस्तूसाठीं एवढी वीरश्री खर्च होत होती, तिची नीट ओळख दोन्ही पक्षांत फारच थोड्यांस होती. ती करून द्यावी व त्या वादाविषयीं आमचें मत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुलें जिला 'व्हेप' म्हणतात ती ई-सिगारेट म्हणजे एक लहानशी नळी. तिच्यांत एक बॅटरी, तारेचें एक वेटोळें व द्रवाची एक कुपी एवढीच सामग्री असते. नळी ओढली म्हणजे वेटोळें तापतें, द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार होतात आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतात. लोक त्यास वाफ म्हणतात. पण चुलीवरच्या आधणाची ती वाफ नव्हे. द्रवाचा मोठा भाग प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचा असतो. त्यांत आंबा, पुदिना इत्यादिकांचे कृत्रिम स्वाद व निकोटिन मिसळलेलें असतें. येथें तंबाखू जळत नाहीं, म्हणून धुरांतील डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांपासून ओढणारा बहुतांशीं वांचतो. हें खरें आहे, आणि खरें तें नाकबूल करून वाद जिंकणें आम्हांस पसंत नाहीं. मात्र वेटोळें फाजील तापलें तर त्याच द्रवांतून फॉर्मल्डिहाइडसारखीं विषारी द्रव्यें निघतात, हेंहि तितकेंच खरें आहे.

आतां निकोटिनविषयीं. फ्रान्सचा लिस्बन येथील वकील झाँ निको यानें १५६० च्या सुमारास तंबाखू आपल्या राजदरबारीं पाठविली. त्याचें नांव या द्रव्यास चिकटलें. १८२८ सालीं हायडेलबर्ग येथें पोसेल्ट व रायमान या दोघांनीं तें तंबाखूपासून प्रथम शुद्ध रूपांत वेगळें केलें. पुढें पिकांवरील कीड मारण्यासाठीं निकोटिन सल्फेटची फवारणी पुष्कळ वर्षें चालत असे. किती निकोटिन पोटांत गेल्यास मोठा माणूस दगावतो ? जुन्या ग्रंथांत ६० मिलिग्राम हा आंकडा असे. ग्राझ विद्यापीठाचे बर्न्ड मायर यांनीं त्या आंकड्याचें मूळ शोधून तो फार कमी धरला गेल्याचें दाखविलें. त्यांच्या मतें मारक मात्रा ५०० मिलिग्रामच्या पुढें असावी. पण हा हिशेब प्रौढाचा झाला. दर मिलिलिटरला २० मिलिग्राम या प्रमाणाच्या १० मिलिलिटर द्रवांत २०० मिलिग्राम निकोटिन असतें, आणि तो द्रव आंब्याच्या वासाचा असतो. रांगत्या मुलाच्या हातीं तो लागल्यास काय होईल, हें निराळें सांगावयास नको. २०१४ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत एक वर्षाचें बालक असेंच दगावलें, व २०१६ सालीं त्या देशानें अशा बाटल्यांस मुलांस न उघडणारें झांकण सक्तीचें केलें.

आपल्याकडे अशा नव्या वस्तूचें आगमन पूर्वीं एकदां झालें आहे. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबराचा सरदार असद बेग हा विजापूरच्या आदिलशाही दरबाराहून परततांना तंबाखू व एक रत्नजडित हुक्का बरोबर घेऊन गेला. बादशहानें कौतुकानें एक-दोन झुरके घेतले. हकिमानें हरकत घेतली. असद बेगनें उलट वाद घातला. बादशहानें पुढें ओढण्याचें सोडून दिलें, पण सरदारांत ती चाल पडली. १६१७ सालीं जहांगिरानें तंबाखूस मनाई केली, आणि ती मनाई टिकली नाहीं. नवी वस्तु, सुंदर पात्र, वैद्यांचा मतभेद, मागाहून मनाई : आमच्या मंडळांतील वक्त्यांस ही गोष्ट ठाऊक असती तर सभा अधिक रंगली असती !

असो. हिंदुस्थानानें या नव्या नळीविषयीं काय केलें तें पाहूं. मे २०१९ मध्यें भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजीं वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वांटप व जाहिरात या सर्वांस बंदी झाली. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हां केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पांच लाखांपर्यंत दंड. माल सांठविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्यांच्याजवळ पूर्वींचा माल होता त्यांनीं तो आपण होऊन जवळच्या पोलीस ठाण्यांत जमा करावा, असें ठरलें. नुसत्या ओढण्याबद्दल मात्र या कायद्यांत शिक्षा सांगितलेली नाहीं.

कराच्या बाजूनें बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनीं विलायतेचा दाखला दिला, आणि तो वजनदार आहे. युरोपीय संघानें २०१४ च्या निर्देशानें दर मिलिलिटरला २० मिलिग्राम ही निकोटिनची मर्यादा व १० मिलिलिटर ही बाटलीची मर्यादा घातली. मुलांस न उघडणारें झांकण व निकोटिनचें प्रमाण सांगणारी चिठ्ठी सक्तीची केली. ब्रिटनमधील आरोग्यखातें सिगारेट सोडूं इच्छिणाऱ्यास ही नळी चालेल असें सांगतें, आणि १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरला २ पौंड २० पेन्स कर घेण्याचेंहि त्या सरकारनें ठरविलें. एकदां वापरून फेंकावयाच्या नळ्या मात्र मुलांच्या हातीं फार पडूं लागल्यामुळें तेथेंहि १ जून २०२५ पासून विकण्यास बंदी झाली. अमेरिकेची कथा अधिक बोलकी आहे. तेथें गाजलेल्या एका कुपींत दर मिलिलिटरला सुमारें ५९ मिलिग्राम निकोटिन असे. आम्लाशीं संयोग केल्यामुळें तें घशास लागत नसे. २०१९ च्या पाहणींत तेथील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील शेंकडा २७.५ विद्यार्थी ही नळी ओढीत असल्याचें आढळलें. पुढें निर्बंध वाढले, व २०२४ मध्यें तें प्रमाण ७.८ वर आलें. दुकान आधीं उघडून मग दार लोटण्यास किती पिढ्यांची किंमत पडते, तें यावरून समजावें.

परंतु विलायतेचा दाखला आमच्या मुळशी तालुक्यास लागू पडतो काय ? तेथील युक्तिवाद सिगारेट ओढणाऱ्यांसाठीं आहे : धूर सोडा, तुषार घ्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक तंबाखूचें सेवन करीत असल्याचें आढळलें; त्यांत धूम्रपान करणारे शेंकडा ३.८ च होते, तर चघळणारे, मळणारे व दांतांस लावणारे शेंकडा २४.४. आमच्या तालुक्याचें एक टोक हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत व दुसरें ताम्हिणीच्या घाटांत आहे. त्या टोकास 'व्हेप' हा शब्द मुलांच्या कानीं पडलेला असतो. या टोकास मशेरीची डबी ओळखीची असते. मशेरी लावणाऱ्या आजीबाईस आंब्याच्या वासाची नळी देऊन तिचें कोणतें संकट टळणार ? येथें ही वस्तु व्यसन सोडविण्यास न येतां नव्यांस व्यसन लावण्यास येईल, असें आम्हांस वाटतें. आणि म्हणून बंदीच्या बाजूनें आमचें मत आहे.

तरी बंदीवाल्यांनीं एका प्रश्नाचें उत्तर टाळलें, तें आम्ही टाळणार नाहीं. एका मुलीनें सभेंत विचारलें : नळी वाईट म्हणून बंद, तर सिगारेट, बिडी व मशेरी दुकानांत उघड कां ? सरकारी आयुर्विमा महामंडळाजवळ देशांतील मोठ्या सिगारेट कंपनीचे भाग आहेत, हेंहि तिनें सांगितलें. टाळ्या तिलाच मिळाल्या. २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांस व शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास मनाई आहे; तो कायदा सर्वत्र कसोशीनें पाळला जातो असें कोणी म्हणणार नाहीं. बिडीवरील कर सिगारेटच्या मानानें नेहमींच हलका राहिला आहे. महाराष्ट्रानें जुलै २०१२ मध्यें गुटखा बंद केला, तरी तो पकडल्याच्या बातम्या त्यानंतरहि वर्षानुवर्षें येत राहिल्या. बंदी केल्यानें कराचें उत्पन्न तर जातेंच, शिवाय चोरून येणाऱ्या बाटलींत काय आहे हें तपासणारा कोणी राहत नाहीं. २०१९-२० मध्यें अमेरिकेंत फुप्फुसांच्या विकारानें २,८०० हून अधिक लोक रुग्णालयांत गेले व ६८ मृत्यु पावले. तेथें मुख्य दोष बहुधा चोरट्या बाजारांतील गांजाच्या अर्कांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा होता. म्हणून बंदी करणाऱ्या सरकारवर तपासणीचें ओझें कमी न होतां वाढतें. पकडलेला माल प्रयोगशाळेंत जावा, त्यांत काय सांपडलें तें लोकांस कळावें, अशी मागणी पालकांनीं करावी.

तोंवर घरीं अशी बाटली सांपडली तर मुलावर आरडाओरडा करण्यापूर्वीं ती लहान भावंडांच्या हातास लागणार नाहीं अशा जागीं ठेवावी. द्रव अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे काढून ती जागा भरपूर पाण्यानें धुवावी, कारण निकोटिन त्वचेंतूनहि शरीरांत शिरतें. मुलाच्या पोटांत तो गेल्याचा संशय आला, वांती, घाम, लाळ, कंप किंवा गुंगी दिसली, तर घरगुती उपायांनीं ओकारी काढूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें, व बाटली बरोबर न्यावी, म्हणजे तिच्यावर कांहीं लिहिलेलें असल्यास तें डॉक्टरांस वाचतां येईल.