मोबाइलमधला फुकट अभ्यास : समज आणि वस्तुस्थिती

दहावीचा निकाल लागला की नागपुरात दोन गोष्टींना ऊत येतो. एक क्लासेसच्या जाहिराती आणि दुसरी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची पीडीएफची देवाणघेवाण. गडचिरोली, भंडारा, गोंदियाहून येऊन इथे खोली करून राहणाऱ्या मुलांच्या मोबाइलमध्येही तोच साठा जमतो. साहित्याची टंचाई नाही. त्याबद्दलच्या समजुती मात्र एकेक करून तपासाव्या लागतात.

‘चांगलं ते फुकट मिळत नाही’ ही त्यातली सगळ्यात जुनी समजूत. प्रत्यक्षात, परीक्षा ज्या पुस्तकावर बेतलेली असते नेमकं तेच फुकट मिळतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून पीडीएफ रूपात उतरवून घेता येतात, एनसीईआरटीचीही घेता येतात. एमएचटी-सीईटीच्या विज्ञान गटाच्या परीक्षेत सुमारे ८० टक्के भर बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असतो. म्हणजे सीईटीचं पहिलं ‘मटेरियल’ दप्तरातच पडलेलं असतं. एमपीएससीचंही तसंच. जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोग स्वतःच संकेतस्थळावर ठेवतो आणि राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी मराठीत विनामूल्य मिळते. तरी याच पाहणीतले तक्ते चकचकीत मुखपृष्ठ घातलेल्या पुस्तकातून विकत घेणारे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात कमी नाहीत.

दुसरी समजूत जास्त महागात पडते : ‘जितकं जास्त जमवू तितकं बरं.’ इथे थोडं थांबायला हवं, कारण फुकट साहित्याचा खरा दोष त्याच्या दर्जापेक्षा त्याच्या तारखेत असतो. राज्य मंडळाची नववीची पुस्तकं २०१७ मध्ये बदलली, दहावीची २०१८ मध्ये, अकरावीची २०१९ मध्ये आणि बारावीची २०२० मध्ये. त्याआधी बनवलेला ‘बारावी भौतिकशास्त्र, हमखास येणारे प्रश्न’ असा व्हिडिओ आजही शोधल्यावर वर येतो, त्याला लाखभर लोकांनी पाहिलेलं असतं आणि त्यातली काही प्रकरणं आता अभ्यासक्रमात नसतातही. नीटचा अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून कमी केला गेला. जुन्या नोट्सना ते ठाऊक नसतं, त्या बिचाऱ्या वगळलेला भागही तितक्याच मन लावून शिकवतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पहिलीपासून पुस्तकं बदलायला २०२५-२६ मध्ये सुरुवात झाली आहे, म्हणजे हा गोंधळ धाकट्या भावंडांच्या वाट्यालाही येणार.

म्हणून साठवण्याची पद्धत अशी हवी की जुनं आपोआप उघडं पडावं. बहुतेकांच्या फोनमध्ये ‘यूट्यूब’, ‘टेलिग्राम’, ‘सरांच्या नोट्स’ असे फोल्डर असतात, म्हणजे माल कुठून आला त्यावरून लावलेले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते काही कामाचे नाहीत. प्रकरणावरून लावावेत. अधिकृत अभ्यासक्रमाची पीडीएफ सगळ्यात वर, तिच्यातल्या प्रत्येक प्रकरणाचा एक फोल्डर, त्यात पाठ्यपुस्तकातलं प्रकरण, एक समजावणारा व्हिडिओ आणि एक सरावसंच. फाइलच्या नावात वर्ष असावं : ‘२०२५-रसायन-०४-सराव’. ‘न्यू फायनल २’ नावाच्या फाइलचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्या प्रकरणात आधीच दोन व्हिडिओ आहेत तिथे तिसरा घालायचा असेल तर आधीचा एक काढावा. क्रूर वाटेल, पण टेलिग्रामचं आपोआप डाउनलोड बंद केल्यावर जितकं हलकं वाटतं तितकंच यानेही वाटतं.

‘मराठीत काही नाही’ हे अर्धसत्य आहे. जेईई-नीटच्या वरच्या पातळीचं साहित्य मराठीत विरळच, हे मान्य. पण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथॉन, सी, लिबरऑफिस, लिनक्स यांचे छोटे पाठ मराठी निवेदनासह आहेत. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडून करत शिकायचं, अशी त्यांची रचना आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातले विद्युतमंडल, लंबक, अपूर्णांक यांसारखे खेळता येणारे प्रयोग मराठीतही केलेले आहेत. पुण्याच्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करण्याच्या कृती आणि मराठी पुस्तकं आहेत. मराठी विश्वकोशही पूर्ण उघडा आहे. पण त्याचा पहिला खंड १९७६ चा, तेव्हा संकल्पना तिथून घ्यावी, लोकसंख्येचे आकडे घेऊ नयेत.

‘स्वयम’वरचा कोर्स फुकट, म्हणून प्रमाणपत्रही फुकट, असं इंजिनिअरिंगची मुलं धरून चालतात. २०१७ साली सुरू झालेल्या या व्यासपीठावर शिकणं विनामूल्य आहे. प्रमाणपत्रासाठी मात्र शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करता येतात, पण आपलं विद्यापीठ आणि कॉलेज कोणता कोर्स मान्य करतं ते नाव नोंदवण्याआधीच विचारावं. निकालानंतर विचारलं तर उपयोग नाही.

याच्या उलट प्रकार ‘महाज्योती’चा. या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे आणि तरी इथल्याच कित्येक घरांत समज असा की सरकारी योजना म्हणजे ओळख लागते, एजंट लागतो. इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, क्रीमीलेअरमध्ये न मोडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा. अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावरच भरायचा असतो. अडतं ते बहुधा दाखल्यांवर, कारण जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर काढायला मुलं शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात उभी राहतात. अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि मराठा-कुणबी समाजासाठी सारथी या संस्था पुण्यात आहेत, त्यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात.

टेलिग्रामवर क्लासचे पैसे देऊन घ्यायचे व्हिडिओ फुकट मिळतात, ‘मग ते सगळ्यांसाठीच असणार’ असंही मानलं जातं. नसतात. दिल्लीतल्या एका शिक्षिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशा चॅनलचालकांची माहिती उघड करायला टेलिग्रामला सांगितलं आणि कंपनीने ती दिली. बालभारतीची पीडीएफ वाचायला फुकट असली, तरी छापून विकायला नाही, हेही झेरॉक्सवाल्यांना सांगून ठेवायला हरकत नाही.

राहता राहिला इंटरनेट. गावाकडे रेंज नसेल तर डीडी फ्री डिशवर ‘स्वयम प्रभा’ आणि ‘पीएम ई-विद्या’च्या वाहिन्या मासिक शुल्काशिवाय दिसतात. त्यांतला बराच भाग हिंदी-इंग्रजीत असतो, ही त्यांची मर्यादा. रेंज अधूनमधून मिळत असेल तर राज्याच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने उघडून तो भाग फोनवर उतरवून ठेवता येतो. पाठागणिक दर्जा वरखाली होतो. काही ठिकाणी नेमकं स्पष्टीकरण मिळतं, काही ठिकाणी पुस्तकातलीच वाक्यं संगीत लावून ऐकवलेली असतात. तेव्हा आधी वायफायवर बघून घ्यावं आणि कामाचं तेवढंच गावी न्यावं.