औषध तेच, बाटली मात्र उन्हात : त्वचेवरील बाह्योपचार द्रव्यांची घरगुती साठवण

नवेगाव बांधच्या परिसरात चिकित्सा करताना ऋतूंचा अर्थ ग्रंथापेक्षा रुग्णाच्या घराकडे पाहून अधिक लवकर कळतो. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा विस्तीर्ण तलाव आणि भोवतालचे जंगल यांमुळे वर्षाऋतूत घराच्या भिंतीही ओल धरतात. वैशाखात मात्र पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या भांड्याला दुपारी हात लाववत नाही. आपण दिलेले तेल, चूर्ण वा मलम या दोन्ही अवस्थांतून जाते, याचा विचार औषध देताना आपण क्वचितच करतो.

तो मीही केला नव्हता. पायावरील विचर्चिकेची एक रुग्णा हिवाळ्यात चिकित्सेस आली. गाव दूर, येणे बाजाराच्या दिवशीच. म्हणून करंज तेलाची अर्धा लिटरची बाटली एकदमच दिली. प्रारंभी लाभ उत्तम झाला. ज्येष्ठात कंडू पुन्हा वाढला आणि पूर्वी निरोगी असलेल्या त्वचेवरही लाली आली. मी पथ्याची चौकशी केली, आभ्यंतर औषध दोनदा बदलले, उपशय नाही. शेवटी बाटली आणावयास सांगितली. झाकण उघडताच खवट दर्प आला. तळाशी गाळ होता. कुठे ठेवता, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "चुलीवरच्या फळीवर ठेवली होती जी, खिडकीपाशी. तिथं थिजत नाही ना!"

त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. तेल थिजू नये एवढीच त्यांची चिंता होती, आणि थिजणे म्हणजे बिघडणे नव्हे हे मी सांगितलेच नव्हते. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठते, मोहाच्या बियांचे तेलही थंडीत थिजते. त्याने गुणहानी होत नाही. गुणहानी होते ती उष्णता, प्रकाश आणि वायू यांच्या दीर्घ संपर्काने. स्निग्धांश हवेतील प्राणवायूशी संयोग पावून खवट होतो आणि असे तेल विकृत त्वचेस क्षोभक ठरू शकते. थिजलेली संपूर्ण बाटली रोज गरम करणे त्याहून वाईट. लागेल तेवढेच वाटीत काढून ती वाटी कोमट पाण्यात ठेवावी.

शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता दोन महिने सांगितली आहे. घृत-तैलांची सामान्यतः सोळा महिने मानली जाते. आजच्या औषधी नियमावलीतील १६१-ब या नियमानुसार चूर्णास दोन वर्षे व तैलास तीन वर्षे मुदत आहे. या दोहोंत विरोध पाहण्याचे कारण नाही. वेष्टनावरील मुदत बंद डब्याची असते. ओल्या चमच्याने रोज उघडल्या जाणाऱ्या डब्यासाठी, विशेषतः आषाढ-श्रावणात, मला शार्ङ्गधरांचे दोन महिनेच अधिक व्यवहार्य वाटतात.

लेपाविषयी तर सुश्रुतांनी सूत्रस्थानात स्पष्टच सांगितले आहे की शिळा लेप लावू नये, एकदा लावलेला पुन्हा वापरू नये. तरीही कालवलेला लेप वाटीत झाकून दुसऱ्या दिवशी लावणारी घरे पुष्कळ आहेत. कोरडी मुलतानी माती दीर्घकाळ टिकते. पाणी वा दूध मिसळले की तिचे आयुष्य त्या बैठकीपुरतेच. आपल्या जंगलातील चारोळी दुधात वाटून चेहऱ्याला लावण्याची रीत आहे. चारोळीत निम्म्याच्या आसपास स्नेह असल्याने सोललेले दाणेच मुळी लवकर खवट होतात. दाणा चावून पाहावा. कडवट लागला तर तो चेहऱ्यालाही नको.

शतधौत घृत तांब्याच्या पात्रात धुतले जाते, म्हणून ते तांब्याच्याच डबीत ठेवणारे आढळतात. सिद्धीचे पात्र वेगळे, साठवणीचे वेगळे. तांब्याच्या संपर्काने स्नेह अधिक लवकर खवट होतो. शिवाय या घृतात जलांश राहत असल्याने बुरशीचे भय असतेच. काचेच्या लहान बरणीत, थोडेच करून, कोरड्या चमच्याने काढावे.

शीतपेटी घरी असल्यास कोरफडीचा गर व गुलाबजल तिच्यात अवश्य ठेवावे. चूर्ण ठेवू नये. थंड डबा दमट हवेत उघडला की आत दव जमते. ज्यांच्याकडे शीतपेटी नाही त्यांच्याकडे मातीच्या भिंतीतील देवळी असते, आणि चुलीपासून दूरची देवळी तेलाच्या बाटलीस उत्तम जागा आहे. माठाजवळचा गारवा घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीस चालतो, चूर्णाच्या पुडीस नाही.

सदर रुग्णेस नंतर ५० मिलीलिटरच्या दोन गडद रंगाच्या बाटल्या दिल्या, त्यांवर दिनांक लिहिला आणि हात बुडवण्याऐवजी तेल ओतून घेण्यास सांगितले. श्रावणाअखेर लाली गेली, कंडू पुष्कळ उणावला. त्यात बाटलीचा वाटा किती आणि ऋतूचा किती, हे एका रुग्णावरून सांगणे योग्य नव्हे. आमच्या रुग्णपत्रिकेत मात्र पथ्यापथ्याच्या रकान्याखाली आता आणखी एक ओळ छापली आहे : औषध कोठे ठेवता?