मुलाला हवे ओळखीचे माणूस

पंढरपुरात 1875 साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम सुरू झाला. पुढे तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. टाकून दिलेल्या तान्ह्यांचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले काम. दूध-कपड्यांपलीकडे बाळाला काय लागते, हे शास्त्राने फार उशिरा तपासले. रेने स्पिट्झ यांनी 1945 मध्ये दाखवले, की स्वच्छता चोख असूनही मायेने जवळ घेणारे कोणी नसेल तर संस्थेतली बाळे खुंटतात. जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात एकाच जिव्हाळ्याच्या माणसाच्या सातत्यावर भर दिला. रडल्यावर तेच माणूस धावून आले की ताण उतरतो आणि मूल हळूहळू स्वतःला सावरायला शिकते.

आषाढीत पंढरपुरातली घरे वारकऱ्यांनी भरतात, जेवणाझोपेच्या वेळा मोडतात. त्याने मुलाचे सहसा काही बिघडत नाही. कारण जवळची माणसे तीच असतात. शाळेत या जवळच्या माणसाची जागा एखादे शिक्षक घेऊ शकतात.

तिथे असे कोणी नसेल तर मूल घाबरू शकते. मुलाचे शाळेच्या वेळीच रोज पोट दुखणे हे बहुधा नाटक नसते. भीती खरोखरच पोटात उतरते. आधी डॉक्टरांना दाखवावे. झोप, भूक, खेळ यांतला बदल दोन आठवडे टिकला तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला घ्यावा.