ठराविक रेसवरच गाडी मिसिंग का मारते?

दुचाकी दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाईक तोडणारी एक तक्रार आहे. गाडी पहिल्या किकला सुरू होते, आयडलिंग ठीक असते, मात्र अमुक रेसवर आली की झटके मारते. पुढे गेली की पुन्हा सुधारते. अशा वेळी पुष्कळ गॅरेजांत आधी प्लग बदलला जातो, मग कॉईल, मग सीडीआय आणि शेवटी कार्ब्युरेटर. दुखणे एक, औषधे चार, आणि पैसे सारे गिऱ्हाईकाचे. परळ, लालबाग, भायखळा या भागांतील आमच्या कारागीर बांधवांसाठी म्हणून आज हा विषय घेत आहोत.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी, की एक्सिलेटर किती उघडला आणि इंजिन किती फिरते, या दोन वेगळ्या बाबी आहेत. कार्ब्युरेटरचे जेट एक्सिलेटरच्या उघडण्याप्रमाणे काम करतात. ठिणगीचे काम फेऱ्यांप्रमाणे चालते. मिनिटाला ६००० फेऱ्या घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनाला सेकंदाला ५० वेळा ठिणगी लागते, टू-स्ट्रोकला १०० वेळा. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी दोष कोणामागे धावतो ते पाहावे.

त्यासाठी यंत्र लागत नाही, खडूचा तुकडा पुरतो. एक्सिलेटरच्या मुठीवर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या. प्रत्येक गिअरमध्ये त्याच खुणेवर मिसिंग आले तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे. एक्सिलेटर कमी असो वा जास्त, इंजिनाचा ठराविक सूर लागला की मिसिंग आले (समजा तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला आणि चौथ्यात ५० च्या आसपास), तर दोष ठिणगीचा समजावा. तिसरा प्रकार म्हणजे स्टँडवर गाडी ठणठणीत, पण पुलाच्या चढावर मागे माणूस बसला की झटके. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि कमजोर ठिणगी त्या दाबात टिकत नाही. तेथे प्लग, प्लगची टोपी आणि वायर आधी तपासा. अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिले तर फुटक्या वायरीतून निसटणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून आलेल्या गाडीची टोपी काढून कोरडी केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

पेट्रोलचा दोष ठरला तर खूण पाहा. अगदी सुरुवातीला पायलट जेट, पाव ते पाऊणपर्यंत निडल, त्यापुढे मेन जेट. चोक थोडा ओढल्यावर मिसिंग कमी झाले तर पेट्रोल कमी पडते. वाढले तर जास्त होते. मेन जेट खोलण्याआधी कॉकमधून धार बरोबर येते का आणि टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे का, तेही पाहावे. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधील रबर तडकले असेल तर फुकटची हवा आत शिरते आणि खालच्या रेसवर त्रास होतो.

ठिणगीचा दोष असेल तर गाडीप्रमाणे चालावे. जुन्या बुलेटच्या पॉईंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. पॉईंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर पाहा. सीडीआयच्या गाडीत पिकअप कॉईलचा रेझिस्टन्स मल्टीमीटरने थंड असताना आणि गरम झाल्यावर, दोन्ही वेळा मोजा. गरम झाल्यावर तुटणारी वाइंडिंग थंडपणी पकडता येत नाही. १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत सायलेंसर कार्बनने भरला तरी इंजिन वरच्या रेसवर गुदमरते. २००३ पासून आलेल्या डीटीएस-आय पल्सरला दोन प्लग आहेत. एक मेला तरी गाडी चालत राहते आणि मिस्त्री फसतो. म्हणून दोन्ही प्लग वेगवेगळे तपासावेत.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ पर्यंत देशात त्यात २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबरी भागांना मानवत नाही. उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीची टाकी व फ्लोट चेंबर आधी रिकामे करून पाहणे शहाणपणाचे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवर कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. म्हणून लहान गॅरेजचा धंदा संपला असे मानू नये. खडूची परीक्षा येथेही चालते. ठराविक खुणेवर दोष आला तर थ्रॉटल सेन्सर पाहावा, ठराविक फेऱ्यांवर आला तर क्रँक सेन्सर आणि कॉईल. फक्त अगदी वरच्या रेसवर इंजिन अडत असेल तर कंपनीने ठेवलेली मर्यादा आहे, बिघाड नव्हे, हेही ओळखावे. स्कॅनर महाग वाटत असेल तर चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक घ्यावा. जो हे शिकणार नाही, त्याचे गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपकडे जाईल.

शेवटी इमानाची बाब. मापात खोट करणाऱ्यांना कुराण शरीफच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. न लागणारा पार्ट गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारणे हीसुद्धा मापातलीच खोट, असे आम्ही मानतो. संशयाचा पार्ट आधी गॅरेजमधला चांगला लावून पाहावा, दोष गेला तरच नवा विकावा आणि जुना गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा. तपासणीला तासभर लागला तर त्या तासाची मजुरी आधी सांगून उघडपणे घ्यावी. ती हक्काची कमाई आहे, आणि बरकत तिच्यातच आहे.