पन्नास तासांतले पाच तास

22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, असे बजावले. विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम यायला त्यानंतर बारा वर्षे गेली, तीही न्यायालयाने पुन्हा कानउघाडणी केल्यावर. पदवीच्या सगळ्या शाखांसाठी असलेल्या या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. एकूण 50 व्याख्याने होती, त्यांतली 5 क्षेत्रकार्यासाठी. 100 गुणांपैकी 25 गुण या क्षेत्रकार्याला होते.

त्या पाच तासांत काय करायचे तेही नेमके सांगितले होते. जवळची नदी, रान, गवताळ माळ किंवा डोंगर पाहून त्याची नोंद करायची. एखादी प्रदूषित जागा पाहायची. भोवतालची झाडे, किडे, पक्षी ओळखायला शिकायचे. तळे, ओढा अशा साध्या परिसंस्थेचा अभ्यास करायचा. माझ्या मते आपल्या उच्च शिक्षणात पर्यावरणासाठी लिहिले गेलेले हे सर्वांत शहाणे पान आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित. दरवर्षी लाखो मुले हा विषय घेतात. पण बहुतेक ठिकाणी क्षेत्रकार्य म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलाची वही, नवे मुखपृष्ठ आणि परीक्षकाची सही. वर्ष संपले की वह्या रद्दीत जातात.

विद्यापीठाने पर्यावरणासाठी काय करावे, असे विचारले की हल्ली छतावरचे सौर पॅनेल, कंपोस्टचे खड्डे आणि हरित लेखापरीक्षण पुढे केले जाते. हे सगळे करावेच. पण विद्यापीठाचे खरे बळ दुसरीकडे आहे. ते वर्षानुवर्षे एका जागी असते आणि त्याच्याकडे दर जूनमध्ये नवी मुले येतात. सरकारी योजना तीन-पाच वर्षांत आटोपते, स्वयंसेवी संस्थेचा निधी आटतो, अधिकाऱ्याची बदली होते. एकाच ओढ्याकडे, एकाच विहिरीकडे तीस वर्षे पाहत राहणे ज्याला जमू शकते, ते फक्त विद्यापीठ.

अशा पाहत राहण्यातून काय हाती येते, याचे जगातले ठळक उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतले चार्ल्स कीलिंग. त्यांनी 1958 मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दर दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होते, आज 420 च्या वर आहेत. तीच ती मोजणी कशाला चालू ठेवायची, असा प्रश्न निधी देणाऱ्यांना तेव्हाही पडत होता. 1964 मध्ये पैशाअभावी नोंदी काही काळ थांबल्याही. हवामान बदलाची आजची सगळी चर्चा त्या चिकाटीच्या वहीवर उभी आहे.

आपल्याकडचा याहून जवळचा धडा परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या कामात आहे. हार्वर्डहून परतल्यावर 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासोबत पुण्याहून पश्चिम घाटातल्या देवराया धुंडाळायला सुरुवात केली. हे काम चालू आहे हे कळल्यावर श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे धाव घेतली. गावच्या देवराईतली झाडे तोडायची तयारी झाली होती, आणि आजूबाजूचे डोंगर आधीच उघडे पडल्यामुळे बारमाही वाहणारा झरा तेवढा त्या राईतूनच येत होता. संशोधकांनी वन खात्याकडे शब्द टाकला आणि राई वाचली. देव, झाडे आणि पाणी यांचे नाते गावाला ठाऊकच होते. संशोधनाने त्याला सरकारी टेबलावर उभे राहायची जागा मिळवून दिली.

पुढे गाडगीळ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. 1975 च्या सुमारास कर्नाटक सरकारने त्यांना बांबूचा प्रश्न अभ्यासायला सांगितला. कागद गिरण्यांना टनाला दीड रुपया दराने बांबू मिळत होता, आणि टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडांना मात्र तो मिळेनासा झाला होता. बांबू संपतो तो गावकरी आणि त्यांची गुरे नासधूस करतात म्हणून, असे अधिकृत मत. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी उत्तर कन्नडच्या रानात बेट न् बेट मोजत फिरले. काटेरी बांबूच्या बेटाला बुडाशी काट्यांचे दाट कुंपण असते. बेट मोकळे झाले की वाढ चांगली होईल, अशा समजुतीने वन खाते हे कुंपण छाटून घेत होते. गावकरी सांगत होते की काटे काढले की नवे कोंब गुरे, साळिंदरे, वानरे खाऊन टाकतात. मोजणीने गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरवले. कुंपण राखलेल्या बेटांतले कोंब जगत होते, साफ केलेल्या बेटांतले मरत होते.

या दोन गोष्टींवर मी रेंगाळलो, कारण संशोधनाचा प्रश्न कुठून यावा हे त्या सांगतात. तो रानातून आला, लोकांच्या तोंडून आला, आणि उत्तर मोजून शोधले गेले. 1990 च्या दशकात गाडगीळांनी पश्चिम घाटाच्या पट्ट्यातल्या महाविद्यालयीन शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे जाळे विणून जैवविविधतेच्या नोंदी करवून घेतल्या, त्याही याच वाटेने.

गाडगीळांच्याच भारतीय विज्ञान संस्थेत 1974 मध्ये अमूल्य रेड्डी यांनी ग्रामीण तंत्रज्ञानाचा ‘अस्त्र’ हा गट सुरू केला होता. कमी सरपणात चालणारी चूल, गोबरगॅस, मातीच्या दाबलेल्या विटा ही त्याची कामे. मुंबईच्या आयआयटीत 1985 मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानाचेच ‘सितारा’ हे केंद्र निघाले. तिथल्या एम.टेक.च्या मुलांना उन्हाळ्यात काही आठवडे गावात मुक्काम करावा लागतो. आदिवासी पाड्यांना टँकर का लागतो, नळयोजना का बंद पडते, असे त्यांचे विषय. अभियांत्रिकीच्या मुलाने बंद पडलेल्या नळयोजनेचा माग काढणे हे उच्च दर्जाचे संशोधन आहे, हा आग्रह प्रा. मिलिंद सोहोनी यांनी लावून धरला. 2016 मध्ये त्यातून उन्नत महाराष्ट्र अभियान उभे राहिले. मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातल्या पाच हजारांहून अधिक गावांत पोहोचलेल्या ‘पोकरा’ या राज्य सरकारच्या शेती प्रकल्पात गावचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा, ती रीतही याच आयआयटीने बसवून दिली.

कृषी विद्यापीठांचा हिशेब वेगळा आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही 1968 ते 1972 या काळात, देशाला धान्य कमी पडत असताना जन्मली. त्यामुळे उत्पादन वाढवणे हेच त्यांचे पहिले काम ठरले. ते त्यांनी केले. सोलापूरच्या कोरडवाहू केंद्राची परंपरा तर 1933 पासूनची. आता राहुरीने ‘फुले इरिगेशन शेड्युलर’सारखे मोबाइल ॲप काढले आहे, ते पिकाला किती पाणी द्यायचे ते स्थानिक हवामानावरून सांगते. पण पिकाला किती पाणी हवे, यासोबत या शिवाराने हे पीक घ्यावे का, हा प्रश्नही विद्यापीठानेच मोठ्याने विचारायला हवा. उसाच्या पट्ट्यात तो विचारणे सोपे नाही, हे मान्य. साखर कारखान्यावर किंवा पुढच्या निवडणुकीवर ज्याचे पोट नाही अशी जाणकार जागा जिल्ह्यात दुसरी कुठली आहे?

पाण्याचेच घ्या. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्टचा. त्यात पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते, म्हणून एका विहिरीला पाणी आणि शंभर हातांवरची कोरडी, हे आपण सगळेच पाहतो. राज्याच्या भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जवळपास चार हजार, आणि गावे चाळीस हजारांवर. मधली सगळी जागा कोरी आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातली निम्मी मुले खेड्यांतून रोज एसटीने येतात. प्रत्येकीने आपल्या गावच्या दोन विहिरींची पातळी दिवाळीला आणि मे महिन्यात टेप सोडून मोजली आणि ती वही पुढच्या वर्षीच्या मुलीच्या हाती दिली, तर दहा वर्षांत त्या तालुक्याकडे असे काही जमेल जे आज कुठल्याच कार्यालयात नाही. भूगोलाची मुलगी नकाशा काढील, वाणिज्यचा मुलगा पाण्याचा जमाखर्च मांडील, मराठीची विद्यार्थिनी म्हाताऱ्यांकडून बहात्तरच्या दुष्काळात कुठली विहीर आटली नव्हती ते लिहून घेईल. पर्यावरण हा एकट्या विज्ञान शाखेचा विषय नाही, हे यातून आपसूक शिकवले जाईल. जर्मनीतल्या लुनेबुर्गच्या लॉयफाना विद्यापीठात सगळ्या शाखांची मुले पहिले सत्र एकत्र काढतात आणि त्यात शाश्वततेचा विषय असतो. आपल्याकडे सक्तीचा विषय आधीपासूनच आहे, त्याला फक्त गाव जोडायचे आहे.

अडसर पैशाचा कमी आहे. अध्यापकाची बढती शोधनिबंध मोजून होते. तालुक्याच्या विहिरींची वीस वर्षांची वही त्या मोजणीत कुठेच बसत नाही. मराठीतून लिहिलेला, ग्रामसभेत वाचून दाखवलेला अहवालही बसत नाही. विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी हे काम बढतीच्या गुणांत धरले, तर उत्साही अध्यापक एकटे पडणार नाहीत. असे अध्यापक प्रत्येक जिल्ह्यात आहेत; रविवारी स्वतःच्या खर्चाने मुलांना माळावर नेतात आणि सोमवारी पोर्शन पुरा न झाल्याचे बोल खातात.

एक काम तर आत्ताच वाट पाहत आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमायची आणि लोकांना विचारून तिथल्या जैवविविधतेची नोंदवही करायची. पुष्कळ वर्षे हे रखडले. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली. चुकलेल्या राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागणार होते. देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या आणि अनेक गावांच्या वह्यांत एकमेकांची नक्कल उतरली. ओढ्यात पूर्वी कुठले मासे होते, कुठली रानभाजी कुठल्या बांधावर उगवते, आग्या मोहोळ कुठल्या कड्याला बसते, हे जाणणाऱ्या माणसांपर्यंत ती घाई पोहोचली नाही. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आणि साडेचार हजारांवर महाविद्यालये आहेत. एका महाविद्यालयाच्या वाट्याला सहाच्या आसपास पंचायती येतात. दर वर्षी एकेका गावची वही त्या गावातल्या मुलांनी आजी-आजोबांजवळ बसून नव्याने लिहायची, ग्रामसभेत वाचायची, चुका दुरुस्त करून घ्यायच्या आणि मूळ प्रत गावात ठेवायची, असे ठरवले तर सहा-सात वर्षांत सगळ्या वह्या पुन्हा लिहून होतील.