मावळचें भात आणि प्रथिनांचा हिशेब

कार्तिक सरतां सरतां मावळांत भाताची कापणी उरकते आणि पवना-इंद्रायणीच्या कांठचीं खाचरें मोकळीं होतात. कांहीं शेतकरी त्याच ओलीवर हरभरा, वाल किंवा मसूर पेरितात. पुष्कळांचीं खाचरें मात्र पुढल्या मृगापर्यंत पडीकच राहतात. ह्या पडीक खाचराचा आणि आपल्या ताटाचा संबंध काय, हें आज सांगावयाचें आहे.

वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ ह्यांच्या संकरांतून निघालेली, १९८७ सालीं प्रसारित झालेली ‘इंद्रायणी’ आतां मावळची ओळखच झाली आहे. तिच्या सुवासाविषयीं दुमत नाहीं. परंतु तांदूळ कोणताही असो, त्याच्या शंभर भागांत प्रथिनें सुमारें सातच भाग. वालांत व हरभऱ्यांत तीं वीसच्या आसपास भरतात.

प्रथिन म्हणजे काय? साखर व पिष्ट हीं कार्बन, हायड्रोजन आणि प्राणवायू ह्या तिहींचीं बनतात. प्रथिनांत त्यांखेरीज नत्र असतो, वजनाच्या सुमारें १६ टक्के, आणि बहुधा थोडा गंधकही. त्याची साक्ष हवी असल्यास केंस जाळून वास घ्यावा. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी एका सरांत ओवून तो सर ठराविक रीतीनें गुंडाळावा, तसें प्रथिन घडतें. मण्यांचा क्रम बदलला कीं घडण बदलते आणि घडणीबरोबर कामही. केंस, शिंग, रेशीम हीं तंतुमय प्रथिनें. रक्तांतील लाल द्रव्य आणि पचन घडविणारीं विकरें हीं गोळीदार. धान्यांतील प्रथिनांची वर्गवारी विद्राव्यतेवरून करितात: डाळींतील बहुतेक मिठाच्या पाण्यांत विरघळतात, तांदळांतील बहुतेक अल्कलींत.

उष्णतेनें ही गुंडाळी उसवते. म्हशीचा चीक तापवितांच खरवस घट्ट बसतो तो त्यामुळेंच. चिकांत रोगांशीं झुंजणारीं प्रथिनें विपुल असतात, आणि वासराच्या आंतड्यांतून तीं जशींच्या तशीं रक्तांत शिरण्याची वाट जन्मानंतर सुमारें एका दिवसांत बंद होते. म्हणून पहिला चीक वासराचा. आम्हांसही खरवस प्रिय आहे, तरीही हेंच सांगतों.

असो. अमिनो आम्लांपैकीं नऊ अन्नांतूनच मिळावीं लागतात. तांदळांत त्यांतलें लायसीन कमी, तर कडधान्यांत गंधकयुक्त मेथिओनीन कमी. एका मण्याची वाण पडली कीं सर तेथेंच अडतो, बाकीचे मणी कितीही असोत. भात आणि डाळ एकमेकांचें उणें भरून काढितात. पाण्यासारख्या आमटीबरोबर ताटभर भात जेवणारें मूल पोट भरूनही वाढीस कमी पडतें, तें ह्याच कारणानें. कडधान्य मात्र नीट शिजवावें. कच्च्यांत पचनास अडविणारीं प्रथिनें असतात, तीं शिजतांना निकामी होतात.

आतां खाचराकडे वळूं. हवेंत नत्र ७८ टक्के असूनही भाताला तो तेथून घेतां येत नाहीं. वालाच्या मुळांवरील गांठींतले जिवाणू तो पकडतात. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप हलकेंच खणून काढावें व गांठ नखानें फोडावी. आंत गुलाबी दिसली तर काम चालूं आहे असें समजावें. तो रंग आपल्या रक्तांतील लाल प्रथिनाच्याच कुळांतल्या एका प्रथिनाचा! नत्र पकडणारें विकर मोकळ्या प्राणवायूनें बिघडतें, म्हणून हें प्रथिन प्राणवायूला आवरून धरितें. गांठ आंतून पांढरी वा हिरवट निघाली, तर पुढल्या वेळीं बियाण्यास रायझोबियमचें संवर्धन चोळून पेरावें.

अडचण आम्हांस ठाऊक आहे. कापणीनंतर गुरें मोकळीं सुटतात, आणि एकट्यानें पेरलेला वाल साऱ्या गांवाचा चारा होतो. सबंध वाडीनें मिळून गुरें राखण्याचें ठरविल्याशिवाय हें पीक हातीं लागावयाचें नाहीं; आणि तें ठरवावयाचें तर कापणीपूर्वींच, कारण भात निघाल्यावर खाचराची ओल फार दिवस थांबत नाहीं.