दुमत वेगळं, दुफळी वेगळी!

परवा एका बातमीत वाचलं, 'पुनर्विकासाच्या मुद्द्यावर सोसायटीत दुमत माजलं.' माजते ती दुफळी हो! दुमत बिचारं साधं असतं. ते बहुतेक वेळा नकाराचा हात धरूनच येतं: 'यात दुमत नाही', 'दुमत असण्याचं कारण नाही'.

दुफळीत 'दु' म्हणजे दोन आणि 'फळी' म्हणजे बाजू, रांग. क्रिकेटमधली 'मधली फळी' आठवा. तीच ही फळी. त्यामुळे नुसती मतं वेगळी असून भागत नाही, माणसं दोन बाजूंना उभी राहावी लागतात. चहा गोड हवा की अगोड, यावर घरात मतभेद होतात. त्याला दुफळी म्हणणं जरा जास्तच झालं.

खरी दुफळी बघायची तर डिसेंबर १९०७, काँग्रेसचं सुरत अधिवेशन. जहाल आणि मवाळ यांच्यात मतभेद आधीपासूनच होते. पण सुरतेत टिळक व्यासपीठावर बोलायला उभे राहिले, गोंधळ उडाला, जोडा भिरकावला गेला, खुर्च्या चालल्या आणि अधिवेशन उधळलं. दोन्ही गट पुन्हा एकत्र आले ते थेट १९१६ च्या लखनौ अधिवेशनात.

'ध्रुवीकरण' हा शब्द हल्ली निवडणुकीच्या बातम्यांत सर्रास दिसतो. त्यात दोन टोकं आणि मधली ओस पडलेली जागा असा अर्थ आहे, म्हणून तो दुफळीच्या जागी डोळे मिटून वापरू नये. आणि गट तीन-चार झाले असतील, तर सरळ 'फाटाफूट' लिहा.